बुर्माकान एजेंच्या वर्गाची तपासणी

किरगिझस्तानातल्या कोचकोर गावच्या आमच्या शाळेत बुर्माकान एजे, म्हणजे बुर्माकानताई, इतिहास शिकवायच्या, मी शेजारच्या वर्गात गणित. त्यांचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. वर्ग हाच त्यांचा संसार. त्यांच्या मुलांचा निकाल कधी खाली आला नव्हता.

गेल्या वसंतात शाळेत चॅटबॉट आला. मुलांशी बोलून त्यांना कितपत समजलंय ते तो तपासणार होता. आम्ही कुरकुरलो. एजे मात्र हेडमास्तरांना म्हणाल्या, "आधी माझीच मुलं बसवा. भ्यायचंय कशाला?"

त्यांच्यामागून माझाही वर्ग बसला, त्याचा अहवाल बरा आला. एजेंच्या मुलांचा मात्र असा: पाठांतर उत्तम, आकलन जवळजवळ नाही.

"यंत्राला आपली किरगिझ कळत नसेल," मी म्हणालो.

"तुझं गणित कळलं, माझाच इतिहास कळेना होय?" असं म्हणून त्या हेडफोन लावून मुलांची उत्तरं ऐकायला बसल्या. मलाही एक बाजू दिली.

१९१६चा झारविरुद्धचा उठाव फसल्यावर आपले लोक डोंगरापलीकडे चीनमध्ये का पळाले, असं यंत्र विचारत होतं. ऐझिरेक ही वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिने एजेंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. यंत्राने प्रश्न सोपा केला, "तू असतीस तर घर सोडलं असतंस का?"

 मग ऐझिरेक बारीक आवाजात म्हणाली, "हे एजेंनी सांगितलेलं नाही."

एजेंनी हेडफोन काढला. "माझी आजी त्याच खिंडीतनं आईच्या पाठीवर गेली," त्या म्हणाल्या. "तिची दोन भावंडं बर्फातच राहिली. मी वर्गात कधी बोललेच नाही. परीक्षेत येत नव्हतं ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गात सांगितलं. मधलं दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला.  तेवढ्यात ऐझिरेकने हात वर केला.

"एजे, हे लिहून घ्यायचं का?"

"नको गं," एजे म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. तास संपेपर्यंत उठल्या नाहीत. बाहेर पडताना मला एवढंच म्हणाल्या, "लिहून घ्यायची सवय मीच लावली."

जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. हेडमास्तर विनवून आले, मीही गेलो. त्यांनी चहा दिला, कणकेचे तळलेले गरम बोर्सोक पुढे केले, पण शाळेचं नाव काढू दिलं नाही. आता त्या नारिन शहरात बहिणीकडे असतात. ऐझिरेक अधूनमधून मला विचारते, एजे आपल्यावर रागावल्यात का. नाही, म्हणून सांगतो. तिला ते पटत नाही.