उंबराची राहिलेली फेरी

परवा वाटेत पायाखाली पिकलं उंबर चिरडलं. तो गोड, आंबूस वास आला आणि मी लढाईच्या दिवसांतल्या आमच्या विहिरीवर पोचले. नवीनच लग्न झालेलं, आणि हे पलटणीत. ते सुखरूप यावेत म्हणून मी रोज विहिरीवरच्या उंबराला फेऱ्या घालायची.

एका सकाळी खोडामागं वळले, तर खाकी कपड्यात हेच उभे, गालात उंबर!

"आवं, देवाचं झाड हाय ते!"

"मग देवानंच दिलंय की."

त्यांनी एक उंबर फोडलं, आतली चिलटं फुंकरीनं उडवली आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. उन्हानं कोमट झालेलं, लय गोड. फेरी तिथंच राहिली.

आता हे नाहीत. तरी उंबराला फेरी घालताना खोडामागं वळायच्या आधी माझं पाऊल थबकतं.