चुलत बहिणींसारख्या दोन रील

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या एका पबमध्ये रविवारी दुपारी आयरिश संगीताची बैठक असते. ज्याची पाळी येईल त्याने चाल सुरू करायची, बाकीच्यांनी उचलायची. माझ्या पहिल्याच पाळीला मी व्हायोलिनवर एक रील, म्हणजे नाचाची जलद चाल, सुरू केली आणि दुसऱ्या भागात तिच्यासारख्याच भलत्या रीलमध्ये शिरले. सगळे थांबले. बासरीवाले आजोबा हसले. "चुलत बहिणी आहेत त्या. सगळेच फसतात."

घरी मुलगी म्हणाली, "आई, जस्ट पिक अनदर वन."

"नाही. हीच वाजवणार."

लहानपणी शिकलेले भूप आणि देशकार हे राग आठवले. सूर तेच, पण भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. मग आठवडाभर स्वयंपाक करताना, ऑफिसला ड्राइव्ह करताना, दोन्ही रील कुठे विसावतात एवढंच ऐकलं. माझी खालच्या सुरावर टेकत होती, दुसरी वरच रेंगाळत होती.

पुढच्या रविवारी मी पाळी मागून घेतली. दुसऱ्या भागाच्या तोंडाशी खालच्या सुरावर जरा जोर दिला. आजोबांची बासरी आली, मग सगळेच आले. तिसऱ्या फेरीत माझा गज घसरला, पण तोवर चाल सगळ्यांच्या हातात होती.