मांजराच्या जबड्यातली स्प्रिंग

बुधवारी मला सुट्टी असायची. सुट्टी कसली डोंबलाची! चार दिवस इंग्लंडात, लेस्टरमधल्या प्राण्यांच्या दवाखान्यात नर्सची नोकरी, आणि बुधवारी घरी लॅपटॉपवर भुलीचा पुढचा कोर्स. वर्गात चौदा जणी, पण कॅमेरे सगळ्यांचे बंद. दोन वर्षं मी काळ्या चौकोनांबरोबर शिकले. नागपूरहून आई विचारायची, "अगं, नर्स तर झालीस ना? आणखी काय शिकायचं राहिलंय कुत्र्यामांजरांचं?"

"भूल सांभाळायला."

"सांभाळ बाई," म्हणायची आणि भाजी फोडणीला टाकायला जायची. फोन ठेवला की घरात फक्त फ्रिजचा आवाज.

मायेनं बोलणारा शहरात एकच माणूस होता, तोही पेशंटचा मालक. एक गोरे आजोबा, बायको गेलेली, घरात ते आणि मांजर. मला 'डक' म्हणायचे. इथली जुनी माणसं बस ड्रायव्हरलासुद्धा डक म्हणतात, आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं. मला काय हे कळत नव्हतं? तरी ते यायचे त्या दिवशी मी उगीच केस नीट बांधून जायचे.

त्यांच्या मांजराचे दात काढायचे होते. भुलीकडे लक्ष ठेवायला मी, दात काढायला आमचे मोठे डॉक्टर. साठीचे, हाताला यश असलेले, कोर्ससाठी माझे सुपरवायझरही तेच. तोंड उघडं राहावं म्हणून त्यांनी मांजराच्या जबड्यात स्प्रिंग अडकवली. मागच्याच बुधवारी मी वाचलं होतं, मांजराचा जबडा असा ताणून ठेवला तर डोळ्यांकडे आणि मेंदूकडे जाणारं रक्त अडू शकतं. मांजर आंधळं होऊ शकतं. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण मोठ्यांची चूक चारचौघांत काढायची नाही, हे आमचं बाळकडू. इथे सगळे त्यांना नावानं हाक मारत. मी मनातसुद्धा 'सर' म्हणायचे. लहान तोंडी मोठा घास नको म्हणून मूग गिळून बसले. चाळीस मिनिटं. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, दाब, सगळं सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

मांजर शुद्धीवर आलं, उठलं, चाललं आणि भिंतीला धडकलं.

"भुलीत कधी कधी होतं असं," सर म्हणाले. आजोबांनाही तेच सांगितलं. शेजारी उभी राहून मी मान डोलावली.

कोर्सला एका केसवर लिहायचं होतं, आपण काय केलं, काय शिकलो. मी नेमकी हीच केस निवडली, कारण अशी केस क्वचित मिळते, मार्क चांगले पडतील. काय ही अक्कल! नापास होऊन परत आली. खाली शेरा होता, 'मांजराचं दर पाच मिनिटांचं सगळं कळलं. या सगळ्यात तुम्ही कुठे होता?' केस बदलता येणार नव्हती. पुन्हा लिहायची एकच संधी, नाहीतर दोन वर्षं पाण्यात. आणि लिहिलेल्यावर सही सरांची लागणार होती.

तीन बुधवार खोडाखोड केली. चौथ्या बुधवारी एकदाचं लिहिलं, 'मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.'

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कागद सरांपुढे धरला. त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं. कान लाल झाले.

"मला सांगायचं होतंस. लगेच काढली असती मी. तुला काय खाल्लं असतं का?"

मला रडूच फुटलं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "आता आजोबांना सांगायला हवं. मी सांगतो."

"नाही, मी सांगते." सरांना मी पहिल्यांदाच नाही म्हटलं.

आजोबा तपासणीला आले ते खुशीत होते. "आता ते माझ्या आवाजावर चालतं बघ, डक. मग काय, दिवसभर बडबडत असतो मी! बायको गेल्यापासून एवढा बोललो नव्हतो." सर शेजारी उभे होते. मी सगळं सांगितलं, स्प्रिंगचं, वाचलेल्या पानाचं आणि माझ्या गप्प बसण्याचं. सर म्हणाले, चूक माझीही आहे. आजोबा कितीतरी वेळ मांजराच्या कानामागे खाजवत राहिले. मग बास्केटची चेन लावली.

"सांगितल्याबद्दल आभारी आहे, नर्स," ते म्हणाले आणि गेले.

मी पास झाले. आई म्हणाली, पेढे वाट. कोणाला वाटू?

आजोबा अजून येतात. बास्केटशी बोलत बोलतच दारातून आत शिरतात. मला नर्स म्हणतात.