पाण्याची पाळी आणि विसरलेला पासवर्ड

मंडळी, आज आमच्या ऑफिसात काय झालं ते ऐका.

लासुर्ण्याच्या पुढे आमच्या गावची पाणी संस्था आहे. कोणाच्या उसाला कधी पाणी द्यायचं, ते ऑफिसातल्या डेटाबेसमध्ये असतं. तो मी सांभाळते. आज सकाळी पासवर्ड आठवेना. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं की नवा पासवर्ड देता येईल, असं वाटलं. तसं केलं. नवा पासवर्ड चालला, पण पाळ्यांचा तक्ता रिकामा.

तेवढ्यात आबा आणि तात्या उद्याची पाळी विचारायला आले. दोघे चुलतभाऊ. गेल्या उन्हाळ्यात पाण्यावरूनच त्यांच्यात कुऱ्हाड निघाली होती. मी खरं ते सांगून टाकलं.

"मग त्यात काय? उद्या माझीच हाय," आबा म्हणाले.

"तुझी? तुझ्या उसात अजून बेडकं वरडत्यात!" तात्या म्हणाले. "पोरी, माझं नाव टाक."

"टाकून तर बघ!" आबा दारात आडवे उभे राहिले.

सॉफ्टवेअर काढलं तरी माहितीचा फोल्डर कधीकधी मागे राहतो, असं वाचलं होतं. घाबरत शोधला. सापडला. जुन्या पासवर्डची फाईल सोडून फक्त पाळ्यांच्या फायली जागेवर ठेवल्या, डेटाबेस पुन्हा सुरू केला आणि तक्ता उघडला.

उद्याची पाळी ओढ्यापलीकडच्या शांताबाईंची होती. त्या विचारायला आल्याच नव्हत्या.

दोघे निघून गेले. माझी भीती गेली नाही. तक्ता रिकामा होता तेव्हा मी ज्याचं नाव लिहिलं असतं, त्याची पाळी खरी ठरली असती. नवा पासवर्डही आत्ता फक्त मलाच माहीत आहे.

तुमच्या गावच्या पाण्याचा पासवर्ड कोणाकडे असतो?