हॅलोरनचं बोट

वेस्ट इंडिजमधल्या सेंट लूसी परगण्याच्या बसवर एल्ड्रिज स्कँटलबरी ड्रायव्हर आहे. कधीकाळी तो वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळला, हे त्याच्या बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक म्हातारीला पाठ आहे. कुठलाही बळी विचारा, बस थांब्यावर उभी करून हातवाऱ्यांसकट सांगेल. पण दुसऱ्या कसोटीचं नाव काढलंत की त्याला एकदम रस्त्यातले खड्डे दिसायला लागतात. तेव्हा ती आपणच सांगितलेली बरी.

तेव्हा तो वीस वर्षांचा होता. साखर कारखान्यातली नोकरी सोडून आलेला, उंच, हाडकुळा, आणि अंगात नुसती रग. पहिल्याच कसोटीत चार बळी मिळाले आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसला.

दुसरी कसोटी घरच्याच मैदानावर, ब्रिजटाउनला. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात नऊ जण बाद झाले होते आणि शेवटची जोडी काही केल्या हलेना. त्यातला एक डग हॅलोरन, त्यांचा सगळ्यात वेगवान गोलंदाज. फलंदाजीत अगदीच ढ, पण चिवट. एल्ड्रिजचा कर्णधार वैतागला.

"अरे, संपव रे एकदाचं! जेवायचंय आम्हाला."

एल्ड्रिजने चेंडू आखूड आपटला. तो उसळून थेट तोंडावर गेला. त्या काळी डोक्याला हेल्मेट नसायचं. हॅलोरनने डावा हात मध्ये घातला आणि बोट मोडल्याचा आवाज स्लिपपर्यंत ऐकू आला. लोक बाकांवर उभे राहून नाचायला लागले. हॅलोरनने शिवी दिली नाही की हात झटकला नाही. एल्ड्रिजकडे फक्त बघितलं, चांगलं दोन श्वासभर, आणि हात पोटाशी धरून चालता झाला. ऑस्ट्रेलियाचा डाव तिथेच आटोपला.

खेळाडूंच्या खोलीत परतल्यावर पाठ थोपटायला कुणी आलं नाही. सामान सांभाळणारा म्हातारा गिटन्स, जो स्वतः एके काळी वेगवान गोलंदाज होता, तोच काय तो बोलला.

"काय रे शहाण्या, गावात कुणी काही शिकवलं नाही का? फास्ट बोलर दुसऱ्या फास्ट बोलरच्या डोक्यावर बॉल टाकत नाही. त्याला बॅट धरता येत नाही, तुलाही येत नाही. म्हणून हे आपापसांत ठरलेलं असतं."

"मला काय माहीत, गिटन्सकाका?"

पोरगं खरं बोलत होतं. त्याच्या गावात तो एकटाच वेगवान, मग असले कायदे शिकवणार कोण आणि कुणासाठी?

"आता कळेल. तू कितवा येतोस बॅटिंगला?"

"अकरावा."

गिटन्स जाड टॉवेल शोधायला लागला.

शेवटच्या दिवशी जिंकायला एकशे नव्वद धावा हव्या होत्या. घरून मर्टलमावशीने डब्यात तळलेला उडता मासा आणि कुकू, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पाठवली होती. एरवी डबा चाटूनपुसून खाणारा एल्ड्रिज, पण आज घास गिळवेना. हॅलोरन बोटाला पट्टी बांधून, उजव्या हाताने आग ओकत होता. इकडे एकेक बळी पडत होता. देश जिंकावा असं त्याला वाटत होतं का? छे. आपल्यावर पाळी येऊ नये, एवढंच वाटत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. सातवा गडी बाद झाला तेव्हा तो मोरीत जाऊन ओकून आला. आठव्याला पॅड बांधले ते उलटे. गिटन्सने मुकाट्याने सोडून नीट बांधले आणि छातीशी सदऱ्याच्या आत टॉवेल कोंबला.

"गिटन्सकाका, तो मारणार मला."

"मारणार."

"थोडं खोटं बोललात तरी चालेल हो!"

"बरं. नाही मारणार."

तेवढ्यात बाहेरून "अरेरे!" असा आवाज आला. नववा गेला होता.

दोन धावा हव्या होत्या. हॅलोरनच्या षटकातले दोन चेंडू शिल्लक, आणि समोर एल्ड्रिज. दुसऱ्या टोकाचा बर्नेट साठ धावा करून घट्ट रुजला होता. तो जवळ आला.

"ऐक. दोनच बॉल. जागचा हलू नकोस, बास. पुढची ओव्हर माझी."

"डोकं फोडेल तो माझं."

"फुटू दे. हलू नकोस."

पहिल्या चेंडूला एल्ड्रिजने डोळेच मिटले. चेंडू यष्ट्यांच्या बाहेरून निघून गेला.

"शाब्बास! चर्चमध्ये उभा राहतोस तसाच उभा राहा!" एक बाई गॅलरीतून ओरडली.

"बॅट आणलीय की छत्री?" दुसरा कुणीतरी.

हॅलोरन परत चालत गेला. आज तो नेहमीपेक्षा लांब जातोय असं एल्ड्रिजला वाटलं. मग तो वळला आणि त्याने तसंच बघितलं, दोन श्वासभर. बॅटची मूठ घामाने निसटत होती. हॅलोरन धावत सुटला तशी एल्ड्रिजला फक्त आपली कवटी आठवत होती. हलू नकोस, हलू नकोस, असं तो पुटपुटत होता आणि चेंडू हातातून सुटायच्या आधीच त्याचे पाय बाजूला सरकले होते.

चेंडू पुढ्यात पडला. साधा, सरळ, बॅट नुसती समोर धरली असती तरी अडला असता. उघड्या पडलेल्या मधल्या यष्टीवर जाऊन तो आदळला. एका धावेने सामना गेला.

ऑस्ट्रेलियाचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले. हॅलोरन मात्र सरळ त्याच्याकडे आला. पट्टीतलं बोट निळंजांभळं पडून सुजलं होतं.

"अरे, कुठं निघाला होतास?"

"तुम्ही..." एल्ड्रिज म्हणाला. "तुम्ही डोक्यावर टाकणार होता ना?"

हॅलोरनला प्रश्नच कळला नाही.

"तू अकरावा ना?" तो म्हणाला. "अकराव्याच्या डोक्यावर कोण बॉल टाकतं?"

टोमणा नव्हता तो. माणूस खरंच विचारत होता. एल्ड्रिज त्या बोटाकडे बघत राहिला आणि भर मैदानात हमसाहमशी रडायला लागला. बर्नेटने येऊन खांद्यावर हात टाकला. एका धावेसाठी रडतोय बिचारा, असं त्याला वाटलं.