नाटककारांचं घर आणि आम्ही रेशनवाले

रेशन ऑफिसात धूळ आणि किस्से दोन्ही आपोआप साठतात. धूळ झाडायला निदान शिपाई तरी होता!

सत्तरच्या दशकात भिवंडीत भागवतसाहेब आमचे हेडक्लार्क होते. गावच्याच एका थोर, दिवंगत नाटककाराचे कट्टर भक्त. (नाव लिहीत नाही, वारस अजून गावात आहेत.) मार्चमध्ये रिटायर होण्याआधी नाटककारांच्या घरावर संगमरवरी पाटी लावायची, हाच साहेबांचा ध्यास. पण त्यांची घरं तीन! म्हणून रविवारी साहेब, शिपाई पाटील आणि मी ती बघत हिंडायचो.

*

पहिलं शेजारच्या राहनाळ गावातलं जन्मघर. अंगणात पाय ठेवताच आम्ही ओळखले गेलो. म्हातारे घरमालक धावत आले.

"सगली मानसं हितंच ऱ्हातात, साहेब! दिसत न्हायत ती शेतावर हायत!"

"अहो, कार्ड तपासायला नाही आलो," साहेब म्हणाले. "नाटककार याच घरात जन्मले ना?"

म्हातारबुवांनी एकदा आत डोकावून घेतलं. "त्यो बी शेतावर हाय!"

*

मग वज्रेश्वरी. गरम कुंडात गुडघे शेकायला आलेल्या नाटककारांनी जिथे आपल्या गाजलेल्या नाटकाचा तिसरा अंक लिहिला, ती लॉजची खोली. मॅनेजरने 'तेच' टेबल दाखवलं. साहेबांनी डोळे मिटून त्यावर हात ठेवला.

मी विचारलं, "त्या काळी सनमायका होता?"

"ते काळाच्या फार पुढे होते!" मॅनेजर म्हणाला.

परतताना साहेबांनी माझं तिकीट मलाच काढायला लावलं.

*

उरलं गावातलं घर. ते आयुष्यभर राहिले ते हेच, तेव्हा पाटी इथेच लावायची ठरली. खाली आता पॉवरलूम. लूमवाले सलीमभाई खडखडाटावर ओरडले, "इधर बैठके ड्रामा लिखते थे? फिर तो लाइट जाने के बाद ही लिखते होंगे!"

वर नाटककारांची सून राहायची. आम्हाला बघून बाईंचा चेहराच उतरला. साहेबांनी भिंतीवरच्या फोटोला नमस्कार केला.

"वहिनी, हे याच खोलीत लिहायचे ना?"

"आत्ताच बाहेर गेलेत," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"मामंजी!"

"वहिनी, मी त्यांना खांदा दिलाय हो!"

बाईंनी तांदळाच्या डब्यामागून रेशनकार्ड काढून साहेबांच्या हातात ठेवलं. "मग ही सही कुणाची?"

सही भागवतसाहेबांची, यंदाचीच! मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण कार्डावर त्यांचं नाव कायम होतं आणि त्यांची साखर दर महिन्याला येतच होती. साहेबांना नाटककारांचे संवाद तोंडपाठ. पण सही करताना कार्ड वाचायची सवय नव्हती.

जिना उतरताना पाटील हळूच म्हणाला, "साहेब, पाटीवर मेल्याचा साल आला, तं तुमची पेन्शन जाल!"

साहेब त्या रविवारी चहासुद्धा न घेता घरी गेले.

*

तरी मार्चमध्ये पाटी लागली. पाहुण्यांनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. नाव ठळक, खाली जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ आणि त्यापुढे स्वच्छ, गुळगुळीत संगमरवर.

"निधनाचं साल राहिलं वाटतं?" पाहुण्यांनी विचारलं.

भागवतसाहेबांनी नम्रपणे हात जोडले. "आमच्या ऑफिसात अजून तशी नोंद नाही!"