नावावरचं कुंकू

पंच्याऐंशीच्या सुमारास कोल्हापूरच्या उद्यमनगरात घरी कॉम्प्युटर असलेला मी एकटाच. खंडेनवमीला सगळे लेथ मशीन पुजायचे, मी कॉम्प्युटर. कुंकू लावायचो तेही नेमकं त्याच्यावर छापलेल्या कंपनीच्या नावावर. "डबड्याला हार घालतंय की हे!" म्हणून शेजारी हसायचे आणि मी कंपनीची बाजू घेऊन तावातावानं भांडायचो. शेवटी त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं.

पुढं तो बंद पडला. एस.टी.त मांडीवर घेऊन पुण्याला कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबानं झाकणही उघडलं नाही. "हे मॉडेल बंद केलंय, नवीन घ्या." मग नावावर बोट ठेवून म्हणाला, "हा लाल डाग कसला?"

कोल्हापुरात उतरल्यावर कंपनीला मनसोक्त शिव्या घालायच्या होत्या. पण ऐकायला मी माणूसच ठेवला नव्हता.